लाल बाटली आणि पहिली पाच मिनिटे

महाडहून पाचाड सुमारे २५ किलोमीटर. रस्ता वळणांचा, पावसाळ्यात दरडीचा, आणि शनिवार-रविवारी रायगड पाहायला येणाऱ्या गाड्यांनी भरलेला. समजा, रात्री दोन वाजता पाचाडमधल्या एखाद्या घराला आग लागली. कुणीतरी जागे होणार, फोन शोधणार, पत्ता सांगणार, महाड नगरपालिकेचा किंवा औद्योगिक वसाहतीचा बंब निघणार. सगळे काही सुरळीत झाले तरी अर्धा-पाऊण तास धरून चालावे. पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांचा हिशेब याहूनही अवघड आहे.

पेटलेली खोली एवढा वेळ थांबत नाही. पूर्वी घरात सागवानी खाट, गोधडी आणि चार पितळी भांडी असत. आज फोमच्या गाद्या आहेत, सोफा आहे, नायलॉनचे पडदे आहेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पीव्हीसीचे छत आहे. अशी खोली काही मिनिटांत पूर्ण पेटते, आणि तिच्यातला धूर ज्वाळेच्या आधी माणसाला गाठतो. म्हणून आमच्या भागात आगीची पहिली पाच मिनिटे घरच्यांचीच असतात. बंब येतो तो पुढचे वाचवायला.

या पाच मिनिटांसाठी बाजारात एक लाल बाटली मिळते. अग्निशामक यंत्र. अलीकडे आमच्या समाजातल्या नव्या घरांमध्ये ती दिसू लागली आहे. आखाती देशांत काम केलेल्या माणसांनी तिथल्या कंपनीत, इमारतीत ती रोज पाहिलेली असते. इथे बंगला बांधला की एक बाटली आणून जिन्याजवळ लावतात. चांगलीच गोष्ट आहे. पण बाटली आणणारा पुन्हा मस्कतला किंवा कुवेतला जातो. घरात मागे राहतात त्या अम्मी, दादी, सून आणि शाळकरी मुले. बाटलीवरचा प्लॅस्टिकचा कागदही तसाच असतो. विचारले तर उत्तर येते, “आम्हाला काय माहीत, हे आले की विचारा.”

या महिन्यात आम्ही याच विषयावर लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, बाटली विकत घेणे हे निम्मे काम आहे. जी माणसे प्रत्यक्ष घरात असतात त्यांच्या हाताला ती ठाऊक हवी. आणि ती कधी वापरायची नाही, हे त्यांना आधी ठाऊक हवे.

बाटलीत असते काय?

घरांसाठी बहुतेक वेळा मिळते ती ‘एबीसी’ पावडरची बाटली. आत पिवळसर किंवा पांढरी बारीक भुकटी आणि तिला बाहेर फेकण्यासाठी दाबाने भरलेला नायट्रोजन वायू. अक्षरांचा अर्थ सोपा आहे. ‘ए’ म्हणजे लाकूड, कापड, कागद, पेंढा अशा घन वस्तूंची आग. ‘बी’ म्हणजे पेट्रोल, रॉकेल, रंग अशा द्रवांची. ‘सी’ म्हणजे गॅसची. भुकटीतून वीज वाहत नाही, म्हणून घरातल्या विजेच्या आगीवरही ती चालते. स्वयंपाकाच्या उकळत्या तेलाची आग मात्र वेगळ्या वर्गात मोडते. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी बाटली कार्बन डायऑक्साइडची. तिला काळा, कर्ण्यासारखा भोंगा असतो. कॉम्प्युटर, फ्रिज, विजेची पेटी अशा ठिकाणी ती उत्तम, कारण मागे घाण उरत नाही. पण वायू सुटताना तो भोंगा बर्फाहून थंड होतो. उघड्या हाताने धरला तर कातडी चिकटते. शिवाय लहान बंद खोलीत ती सोडली तर आपल्यालाच श्वास घ्यायला हवा उरत नाही. सर्वसाधारण घरासाठी ‘एबीसी’ पावडरची बाटली पुरेशी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. एक-दोन किलोची बाटली सलग दाबली तर साधारण ८ ते १० सेकंदांत रिकामी होते. चार-सहा किलोची असली तरी १५-२० सेकंद. सिनेमात दाखवतात तसे माणूस पाच मिनिटे फवारत राहतो, असे काही नसते. जेवढ्या वेळात आपण एकदा ‘बिस्मिल्लाह’ म्हणून पाण्याचा पेला तीन घोटांत संपवतो, तेवढ्या वेळात बाटली संपते. म्हणूनच तिचा एकही सेकंद चुकीच्या दिशेला जाता कामा नये.

पिन ओढण्यापूर्वी

यंत्र हातात घेण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. घरातले सगळे जण बाहेर पडले का, निदान त्यांना हाक मारून झाली का? बंबासाठी फोन करायला कुणाला सांगितले का? आग अजून लहान आहे का, म्हणजे कचऱ्याच्या टोपलीएवढी, आपल्या कमरेपेक्षा कमी उंचीची? आणि आपल्या पाठीमागे बाहेर जायचे दार मोकळे आहे का?

चारही उत्तरे ‘हो’ असतील तरच बाटली उचलायची. एक जरी ‘नाही’ असेल तर दार ओढून घ्यायचे आणि बाहेर पडायचे. दाराला कुलूप लावायचे नाही, फक्त ओढून घ्यायचे. बंद दार धूर आणि आग दोन्हींना बराच वेळ अडवते. छताला काळा धूर जमू लागला असेल, तर आग लहान दिसली तरी आत थांबायचे नाही.

आगीच्या आणि दाराच्या मध्ये आपण उभे राहायचे, दाराच्या आणि आपल्या मध्ये आग कधीच येऊ द्यायची नाही. या कॉलममधले बाकी सगळे विसरलात तरी हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या.

मग चार क्रिया: ओढा, रोखा, दाबा, फिरवा. पिन ओढा. नळीचे तोंड आगीच्या बुंध्यावर रोखा. मूठ दाबा. आणि झाडू मारावा तसे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवा. अंतर सहा ते आठ फूट ठेवावे. फार जवळ गेलात तर भुकटीच्या जोरानेच जळती वस्तू उडते आणि आग पसरते. उघड्यावर असाल तर वारा पाठीवर घ्यावा. आग विझली असे वाटले तरी तिच्याकडे पाठ फिरवू नये. तोंड तिच्याकडेच ठेवून मागे सरकत यावे, कारण गादीच्या कापसात आणि लाकडात विस्तव दबून राहतो व पुन्हा पेटतो. एक बाटली संपली आणि आग उरली, तर आपले काम संपले. दुसरी बाटली शोधायला आत धावू नये.

पाचाडच्या अंगणात

हे सगळे कागदावर वाचायला सोपे आहे. हातात आले की काय होते ते आम्ही पाचाडमध्ये पाहिले. तिथल्या एका परिचित कुटुंबाकडे मुदत संपत आलेली पावडरची बाटली होती. नाहीतरी ती पुन्हा भरायला द्यायचीच होती. मग अंगणात, घरापासून दूर, जुन्या घमेल्यात पालापाचोळा आणि थोडी गवताची पेंढी पेटवली आणि शेजारपाजारच्या बायकांना बोलावले. पाण्याच्या दोन बादल्या शेजारी भरून ठेवल्या होत्या.

पहिल्या भाभींनी बाटली उचलली, पिन ओढली, पण पिन निघेना. कारण घाबरून त्यांनी मूठ आधीच घट्ट दाबून धरली होती. मूठ दाबलेली असली की पिन अडकते. बाटली जमिनीवर टेकवून, मूठ सैल सोडून, पिनेला थोडा पीळ देऊन ओढली की प्लॅस्टिकचे सील तुटते आणि ती सहज निघते. ही एवढीशी गोष्ट कुठल्याही बाटलीवरच्या चित्रात कळत नाही.

दुसऱ्या मुलीने फवारा नेमका ज्वाळेच्या शेंड्यावर मारला. डोळ्यांना ज्वाळाच दिसते, त्यामुळे हात तिकडेच जातो. भुकटी वरून उडून गेली, खालचे गवत जळतच राहिले. “बुंध्याला, बुंध्याला!” असे सगळ्या ओरडल्या तेव्हा तिने नळी खाली केली आणि आग बसली. तिसऱ्या बाईंची पाळी आली तोवर बाटली जवळजवळ संपली होती. त्या हसून म्हणाल्या, “एवढीच असते होय? आम्हाला वाटलं घर धुऊन निघेल!”

त्या घरच्या दादींनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “सर, ही सहा किलोची म्हणता, पण लोखंडासकट केवढी जड आहे. मी उचलणार कशी?” प्रश्न अगदी बरोबर होता. सहा किलो हे आतल्या भुकटीचे वजन, भरलेली बाटली त्याहून बरीच जड असते. घर बांधणारा स्वतःच्या खांद्याकडे बघून बाटली घेतो, पण ती उचलायची वेळ येते सत्तरीच्या दादीवर किंवा बाळंतपणातून उठलेल्या सुनेवर. म्हणून घेताना दुकानातच, घरातल्या सर्वांत अशक्त मोठ्या माणसाला उचलता येईल एवढीच घ्यावी. बहुतेक घरांत दोन किलोची बाटली योग्य ठरेल. आणखी हवी असेल तर एक मोठी घेण्याऐवजी दोन लहान घ्याव्यात, एक खाली आणि एक वर.

कढईला बाटली नको, झाकण हवे

पाचाडमध्ये गडावर येणाऱ्यांसाठी ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या बऱ्याच घरांवर आहेत. जूनमधल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्याला तर चुली आणि शेगड्या दिवसभर थंड होत नाहीत. आपल्या घरांत तीच गत रमजानमध्ये असरनंतर होते. एकीकडे कढईत भजी आणि समोसे, दुसरीकडे फळे कापणे, मधूनच मुलाचा रडका आवाज, आणि घड्याळाकडे डोळे. कढई दोन मिनिटे विसरली जाते. तेल आधी धुरते, मग अचानक भडकते.

अशा वेळी हात पाण्याच्या भांड्याकडे जातो, आणि तिथेच घात होतो. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाते, तिथे क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १७०० पट वाढते. ती वाफ जळते तेल वर उडवते. वाटीभर पाण्याने ज्वाळा छतापर्यंत जाते.

लाल बाटलीचाही इथे पहिला मान नाही. जवळून फवारा मारला तर तेल उसळून अंगावर येते. शिवाय भुकटीने ज्वाळा बसली तरी तेल तेवढेच तापलेले राहते आणि पुन्हा पेटते. उपाय आपल्या आजीच्या काळापासून स्वयंपाकघरातच आहे: झाकण. आधी गॅस बंद करावा, हात पोचत असेल तर. मग परात किंवा मोठे झाकण ढालीसारखे पुढे धरून कढईवर बाजूने सरकवावे. झाकण नसेल तर जाड सुती टॉवेल ओला करून, घट्ट पिळून वरून पसरावा. पिळणे महत्त्वाचे, थेंब गळता कामा नयेत. मग निदान अर्धा तास झाकण उचलून बघायचे नाही. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न तर कधीच करू नये. पीठही टाकू नये, ते स्वतःच पेटते. म्हणून तळायला बसताना कढईवर बसेल असे झाकण ओट्यावर काढून ठेवा.

आणि ओढणी! तळताना ती मागे बांधलेली असावी, कपडे शक्यतो सुती असावेत. नायलॉन-जॉर्जेट पेटले की वितळून अंगाला चिकटते. कपड्याने पेट घेतला तर धावू नये. धावण्याने वारा मिळतो. तिथल्या तिथे जमिनीवर पडून लोळावे, चेहरा हातांनी झाकावा. दुसऱ्याने जाड चादर गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. हळद, शाई, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये.

गॅसची ज्वाळा विझवण्याची घाई नको

सिलिंडरबाबत एक उलटी वाटणारी गोष्ट सांगायची आहे. नळीतून किंवा रेग्युलेटरजवळून गॅस सुटून जळत असेल, तर नुसती ज्वाळा विझवणे धोक्याचे आहे. ज्वाळा गेली पण गॅस सुरूच राहिला, तर तो खोलीत साठतो. घरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो, आणि देवळीतल्या दिव्यापासून फ्रिजच्या ठिणगीपर्यंत काहीही मिळाले की पूर्ण खोली उडते. म्हणून आधी रेग्युलेटर बंद. हातावर ओला टॉवेल घेऊन बंद करता आला तर ज्वाळा आपोआप जाते. रेग्युलेटरपर्यंत हातच पोचत नसेल किंवा सिलिंडर स्वतः ज्वाळांमध्ये सापडला असेल, तर वाडी रिकामी करून दूर जावे.

नुसता वास येत असेल तर विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करावा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते, ती आज पाहून घ्या.

पहाटेची आग

आता ज्या गोष्टीपुढे लाल बाटलीही हतबल आहे तिच्याविषयी. ३ एप्रिल २०२४. रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू होते. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, दाणा बाजारात, पहाटे चारच्या सुमारास तळमजल्यावरच्या एका शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच मुस्लिम कुटुंबातली सात माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती. आग त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. धुराने गुदमरून ती गेली.

खाली दुकान, वर घर ही आपल्या समाजातल्या कितीतरी कुटुंबांची रचना आहे. महाडच्या बाजारपेठेत आहे, मुंबई-भिवंडीत तर गल्ल्याच्या गल्ल्या अशा आहेत. खाली कापड, फोम, कुशन, रंग, चपला. आणि वर जायचा एकच जिना, तोही दुकानाच्या शेजारून. खाली पेटले की जिना धुराड्यासारखा काम करतो. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करील असे आपण मानतो, पण होते उलट. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गुंगी आणतो. भिंतीवर बाटली टांगलेली असते आणि ती उचलणारा उठतच नाही.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत मदीनेतली एक घटना नोंदलेली आहे. एका रात्री तिथे एक घर आतल्या माणसांसह जळाले. ही बातमी प्रेषितांना (स.) कळली तेव्हा त्यांनी आग ही माणसाची शत्रू असल्याचे सांगितले आणि झोपण्यापूर्वी ती विझवत जा, अशी ताकीद दिली. तेव्हाची आग दिव्याची होती. आज रात्रभर घरात जागी असणारी आग चार्जरमध्ये आहे, डासांच्या कॉइलमध्ये आहे, इस्त्रीच्या विसरलेल्या बटणात आहे. ‘जे नशिबात असेल ते होईल’ म्हणणाऱ्यांनी ही शिकवण पुन्हा वाचावी. ती सरळ हाताने करायचे एक काम सांगते.

विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी, मोबाइल, पॉवर बँक यांच्या लिथियम बॅटऱ्या पेटल्या तर पावडरच्या बाटलीवर भिस्त ठेवू नये. वरची ज्वाळा बसते, पण बॅटरीच्या आत उष्णता वाढतच राहते आणि ती पुन्हा पुन्हा पेटते, धूरही विषारी. तिथे एकच काम, सगळ्यांना घेऊन बाहेर पडणे. म्हणून अशी गाडी किंवा बॅटरी जिन्याखाली, दारात किंवा झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावू नये, आणि रात्रभर तर नाहीच. खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या असतील तर निदान एक जाळी आतून उघडणारी करून घ्या. तिची किल्ली तिथेच, पण लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशा खिळ्यावर असू द्या. धुरातून बाहेर यायचे झाले तर जमिनीलगत रांगत यावे, कारण खाली हवा थोडी स्वच्छ असते.

पेंढा, वणवा आणि देग

आमच्या डोंगराळ भागाच्या दोन-तीन गोष्टी शहरच्या पुस्तकांत सापडत नाहीत. पहिली पेंढ्याची. गोठ्याच्या माळ्यावर भरलेला पेंढा पेटला तर दोन किलोची बाटली त्याला पुरत नाही. भुकटी वरच्या थरावर बसते, आत विस्तव चालूच राहतो. गुरांची दावी कापून त्यांना सोडावे आणि शेजाऱ्यांना हाक द्यावी. मुळात पेंढा आणि चूल एका भिंतीला नसावीत.

दुसरी वणव्याची. फेब्रुवारी ते मे या दिवसांत राब भाजताना किंवा कुणी बिडी टाकल्याने डोंगर पेटतो आणि आग घरामागच्या गवतापर्यंत येते. त्या वेळी बाटली घेऊन डोंगरावर धावणे व्यर्थ आहे. होळीच्या आधीच घराभोवती दहा-पंधरा फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवावा. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवण्याची आपल्याकडची जुनी रीत उभ्या वाऱ्यात वापरू नये.

तिसरी वलीम्याची. मांडवाचे कापड आणि देगेखालचा जाळ यांत चांगले अंतर हवे. बावर्चीच्या हाताशी पाण्याचे पिंप आणि एक पावडरची बाटली असावी. मांडववाल्याकडून विजेच्या माळा घेतो तशीच बाटलीही मागून घेता येते.

शिकायचे कुठे?

हा प्रश्न आम्हाला शिक्षक म्हणून जवळचा आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून ती गवताने शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि एप्रिल २००९ मध्ये न्यायालयाने देशातल्या शाळांना अग्निशामक यंत्रे ठेवण्याचे व शिक्षक-कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे शिक्षण देण्याचे आदेश दिले. आज गावागावांतल्या शाळांच्या भिंतींवर जी लाल बाटली दिसते तिच्यामागे ती ९४ मुले आहेत.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही आहे, पण त्याचा भर मोठ्या इमारती, बाजार, दवाखाने, सभागृहे यांच्यावर. पाचाडमधल्या एकट्या कौलारू घरात तपासायला कुणी येणार नाही. आपले आपणच बघायचे आहे. मात्र बोलावले तर शिकवायला माणसे येतात. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत स्फोटके आणि कापूस भरलेले ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ. या आठवड्यात दलाचे जवान शाळांत, वसाहतींत प्रात्यक्षिके दाखवतात. शाळा व्यवस्थापन समितीने, जमातीने, महिला बचत गटाने पत्र द्यावे आणि मागणी करावी. महाड औद्योगिक वसाहतीत काम करणारे आपले तरुणही बरेच आहेत; कारखान्यात त्यांना हे शिक्षण दिले जाते. त्यांनी एका रविवारी आपल्याच मोहल्ल्यात ते वाटावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका औषध कारखान्यातल्या स्फोटात अकरा कामगार आत सापडले होते, ते दिवस तालुक्यातले कुणी विसरलेले नाही.

घेताना आणि ठेवताना

बाटलीवर आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस १५६८३’ हा मानक क्रमांक पाहून घ्यावा. रस्त्यावर मिळणारे छोटे स्प्रे-डबे घेऊन पैसे वाया घालवू नयेत. वरच्या दाबाच्या काट्याची सुई हिरव्या भागात हवी. दर महिन्याला, चंद्रदर्शनाच्या दिवशी म्हणा किंवा वीजबिल भरायच्या दिवशी, ती सुई पाहायची सवय लावावी. एकदा जरी मूठ दाबली, चार दाणे जरी बाहेर पडले, तरी बाटली पुन्हा भरून घ्यावी. एकदा उघडलेली झडप नंतर हळूहळू दाब सोडते. भरणाऱ्याने तारखेची चिठ्ठी लावली का ते बघावे.

जागा स्वयंपाकघराच्या दाराजवळ, बाहेर जायच्या वाटेवर. शेगडीच्या वर किंवा शेजारी नको, कारण आग तिथेच लागली तर बाटलीपर्यंत हात जाणार नाही. कपाटाआड, पडद्यामागे, पाहुण्यांना वाईट दिसते म्हणून माळ्यावर, हेही नको. साधारण कमरेच्या उंचीवर, एका हाताने निघेल अशी. भुकटी उडाल्यावर लहान खोलीत काही वेळ समोरचे दिसत नाही आणि खोकला येतो. ती विषारी नसली तरी उघड्यावरचे अन्न टाकून द्यावे.

आज इशाच्या नमाजनंतर घरातल्या सगळ्यांना पंधरा मिनिटे एकत्र बसवा. १०१ आणि ११२ हे क्रमांक आणि आपल्या वाडीचा नेमका पत्ता, ‘अमक्या मशिदीच्या मागे, तमक्या विहिरीजवळ’ अशा खुणांसह, कागदावर लिहून दाराजवळ चिकटवा. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कुठल्या झाडाखाली जमायचे ते ठरवा, म्हणजे मोजणी करता येईल आणि कुणाला शोधायला कुणी परत आत जाणार नाही. बाटली असेल तर पिन न ओढता ती दादीच्या हातात द्या आणि उचलता येते का ते पाहा. नसेल तर पुढच्या महिन्याच्या खर्चात तिची रक्कम धरा. ईदच्या एका जोडीच्या कपड्यांहून ती फार जास्त नसते. परदेशातून फोन येईल तेव्हा त्यांनाही सांगा की, बाटली कुठे आहे ते आता आम्हाला ठाऊक आहे आणि ती कधी सोडून पळायचे तेही.